ऐतिहासिक कादंबरीतला पाद्री आणि आपली साष्टी

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून पाद्री क्वचितच येतो, आणि येतो तेव्हा बहुधा एकटा येतो. अंगात पायघोळ झगा, गळ्यात क्रूस, बोलणे मोडके आणि नजर कावेबाज. दोन-तीन प्रकरणांपुरता तो वावरतो, कोणाला तरी बाटविण्याचा घाट घालतो आणि नायकाची तलवार दिसताच पडद्याआड जातो. त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे, त्याच्या पोटापाण्याची तजवीज कोण करतो, त्याचे चर्च कोणाच्या जमिनीवर बांधले आहे, रविवारी तेथे येणारी माणसे कोण आणि ती घरी कोणती भाषा बोलतात, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाचकाला मिळत नाही. नवल हे की, वाचकालाही ते प्रश्न सहसा पडत नाहीत.

मध्ययुगीन समाजातील चर्च ही संस्था कादंबरीकार कशी रंगवितात, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय परदेशचा आहे असे वरवर वाटेल. गोरेगावच्या श्रोत्यांनी इंग्लंडातल्या मठांची आणि पॅरिसच्या देवळाची चौकशी कशाला करावी, असेही कोणी म्हणेल. परंतु गोरेगाव ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्या बेटावर हीच संस्था दोनशे वर्षे नांदली. तिचे अवशेष बघावयाला विलायतेस जाण्याची गरज नाही. बोरिवलीपर्यंतचे तिकीट पुरते.

प्रथम 'मध्ययुग' ह्या शब्दाविषयी थोडेसे. युरोपात पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंतचा काळ मध्ययुग म्हणून ओळखतात. आपल्याकडे इतिहासाची पाठ्यपुस्तके मध्ययुग थेट अठराव्या शतकापर्यंत ओढतात. म्हणजे युरोपात मध्ययुग संपले असे ज्या सुमारास मानतात, त्याच सुमारास पोर्तुगीज चर्चची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली. गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ साली वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट आले, आणि युरोपातील मठवासी जीवनाची सारी घडी त्यांनी ह्या खाडीकाठच्या भातखाचरांत मांडली.

ती घडी कशी होती? आज चर्च म्हटले की आपल्यासमोर एक इमारत उभी राहते, फार तर एक प्रार्थना. मध्ययुगीन युरोपात चर्च म्हणजे राज्याशेजारी नांदणारे दुसरे राज्यच होते. शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा त्याला जाई. त्याच्या मालकीच्या प्रचंड जमिनी असत. लग्न कायदेशीर की बेकायदेशीर, मृत्युपत्र खरे की खोटे, हे त्याची न्यायालये ठरवीत. शाळा, इस्पितळे आणि अनाथालये त्याची. गावाचा दिवस त्याच्या घंटेने उगवे आणि मावळे. वर्ष त्याच्या सणांनी मोजले जाई. जन्मलेल्या मुलाला नाव ते देई आणि मेलेल्याला मूठमाती तेच देई. म्हणूनच त्याने हात आखडता घेतला की समाज अडून बसे. इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांचे बिनसले, तेव्हा १२०८ पासून १२१४ पर्यंत साऱ्या इंग्लंडातले सार्वजनिक धर्मविधी पोपने बंद पाडले. सहा वर्षे माणसे मेली आणि रीतसर प्रार्थनेवाचून पुरली गेली. भांडण राजाचे, सुतक मात्र रयतेला!

अशी ही अवाढव्य संस्था कादंबरीत बसवावयाची कशी? कादंबरीला माणसे लागतात. संस्था बोलत नाही, प्रेम करीत नाही, कटही करीत नाही. तिच्यातली माणसे हे सारे करतात. म्हणून कादंबरीकार संस्थेला एक चेहरा देतो, आणि तो चेहरा निवडताना बहुधा फसतो.

ह्या प्रकाराचा आद्य गुरू सर वॉल्टर स्कॉट. हरिभाऊ आपट्यांचे नाव घेताना आपल्याकडील टीकाकार ज्याचे नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत, तोच हा स्कॉट. त्याची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी १८१९ अखेर प्रसिद्ध झाली. कथानक ११९४ च्या आसपासचे. तीत चर्चची माणसे भरपूर आहेत. उंची वस्त्रांचा आणि उत्तम मद्याचा षोकी असा मठाधिपती एमर आहे. अरण्यात गुपचूप हरणाच्या मांसावर ताव मारणारा दांडगा संन्यासी आहे. धर्मयोद्ध्यांच्या टेम्पलर पंथाचा गर्विष्ठ सरदार ब्रायन आहे. ही माणसे वाचताना मजा येते. परंतु जरा थांबून पाहिले, तर हा प्रॉटेस्टंट देशातील एकोणिसाव्या शतकाचा वाचक खूश व्हावा म्हणून केलेला बेत आहे असे दिसते. जुन्या काळचे साधू एकतर खादाड नाहीतर ढोंगी, आणि आम्ही त्यातून बाहेर पडलो हे किती चांगले झाले, असे समाधान त्या वाचकाला मिळते. रिबेका ह्या ज्यू मुलीवर टेम्पलर चेटकीचा आरोप ठेवून खटला चालवितात, तो भाग कादंबरीत फार प्रभावी उतरला आहे. पण युरोपात चेटकिणींच्या खटल्यांचा कहर झाला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. बाराव्या शतकाच्या शेवटी त्याचा मागमूस नव्हता म्हटले तरी चालेल. स्कॉटने नंतरच्या काळातले एक भय उचलून मागच्या काळात ठेवले. 'मध्ययुगीन' हा शब्द आज आपण 'रानटी' ह्या अर्थाने सर्रास वापरतो, त्याचे पुष्कळसे श्रेय अशा कादंबऱ्यांना आहे.

ह्यूगोने १८३१ साली पॅरिसच्या नोत्रदाम देवळावर कादंबरी लिहिली, तेव्हा त्यानेही एक विकारग्रस्त धर्माधिकारी खलनायक केला. पण ह्यूगोची दृष्टी मोठी. त्याच्या कादंबरीत खरे पात्र ते देऊळ आहे. फाशीच्या जागेवरून त्या मुलीला उचलून कुबडा घंटावाला देवळात धावतो आणि 'आसरा!' असे ओरडतो, तेव्हा राजाचे शिपाई दाराबाहेर थबकतात. देवळाच्या उंबरठ्यापाशी राजाचा हुकूम थांबत असे, ही त्या समाजातली खरी व्यवस्था होती. खलनायकही चर्चचा आणि आसराही चर्चचाच, हे एका पुस्तकात आले म्हणून ते पुस्तक टिकले.

आमच्या मते ह्या बाबतीत सर्वांत समतोल कादंबरी इटालियन लेखक मान्झोनीची. वाङ्‌निश्चय झालेल्या एका खेडवळ जोडप्याची ती कथा १८२७ साली प्रसिद्ध झाली. काळ १६२८ ते १६३० चा, म्हणजे मध्ययुग नव्हे, पण आपल्या साष्टीत पोर्तुगीज होते नेमका तोच. गावचा मवाली जमीनदार धमकी देतो की हे लग्न लागता कामा नये, आणि गावचा भित्रा पाद्री लग्न लावण्याचे टाळतो. हा पाद्री दुष्ट नाही. त्याला फक्त जगावयाचे आहे! दुसरीकडे एक कॅपुचिन साधू त्या जोडप्यासाठी जमीनदाराच्या वाड्यात जाऊन त्याच्या तोंडावर बोलतो. तिसरीकडे बापाने घराण्याची इस्टेट फुटू नये म्हणून सक्तीने जोगीण केलेली एक स्त्री आहे. तिचे जळलेले आयुष्य शेवटी दुसऱ्या मुलीच्या जिवावर उठते. चौथा मिलानचा कार्डिनल. तो त्या भित्र्या पाद्र्याला बोलावून घेतो आणि जाब विचारतो. त्यानंतर प्लेगची साथ येते आणि रोग्यांच्या छावणीत तेच कॅपुचिन सेवा करता करता मरतात. एकाच झग्याखाली भेकड, वीर, बळी आणि न्यायी अशी चार माणसे मान्झोनीने दाखविली. हा लेखक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

अलीकडची म्हणावी अशी उंबेर्तो एको यांची 'गुलाबाचे नाव' ही १९८० ची कादंबरी. १३२७ साली एका मठात खून पडत आहेत आणि तेथेच येशू ख्रिस्ताच्या मालकीची काही मालमत्ता होती की नव्हती, ह्या प्रश्नावर पोपची माणसे आणि फ्रान्सिस्कन हमरीतुमरीवर आले आहेत. वाद पोरकट वाटतो, पण त्याच्या पोटात संस्थेच्या जमिनींचा सवाल आहे. चर्च ही एकसंध वस्तू नव्हती, तिच्या पोटातच भांडणे होती, एवढे ह्या कादंबरीने सामान्य वाचकाच्या गळी उतरविले. ह्या बहुतेक लेखकांना उमगलेली एक गोष्ट म्हणजे चर्चचा भार सर्वांत अधिक पडे तो चर्चच्या आत असलेल्या माणसावर. ही खूण ध्यानात ठेवून आता आपल्या बेटाकडे येऊ.

दहिसर-बोरिवलीच्या सीमेवर मंडपेश्वराची लेणी आहेत. मूळची ती शैव लेणी. नटराजाचे सुरेख शिल्प त्यांत आहे. सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सिस्कनांनी ह्या लेण्याचा ताबा घेतला, आत चर्च केले आणि वरच्या बाजूला मठ व विद्यालय उभारले. त्या इमारतीच्या उघड्या भिंती आजही डोक्यावर उभ्या आहेत. खाली एका शिल्पपट्टावरच्या मूर्ती तासून तेथे मोठा क्रूस कोरलेला दिसतो. १७३९ नंतर मराठ्यांनी तेथे पुन्हा शिवाची पूजा सुरू केली; इंग्रजांच्या अमलात पुन्हा ख्रिस्ती उपासना झाली; आज ते संरक्षित स्मारक आहे आणि महादेवाला फुले वाहिली जातात. ह्यूगोला जसे नोत्रदाम मिळाले, तसे हे आपल्याला मिळालेले आहे. त्याच्यावर कादंबरी लिहिली जावी अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

ह्या राजवटीत जुलूम झाला की नाही, हा वादाचा विषयच नव्हे; झाला. देवळे पाडली गेली. हिंदूंच्या जाहीर धर्मकृत्यांवर बंदी आली. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने गोव्यासाठी असा कायदा केला की, आईबाप आणि आजेआजी नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करावे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले. १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. आपल्या शेजारच्या मालाडचे वतनदार अंताजी रघुनाथ यांचे नाव वसईच्या मोहिमेच्या कथेत अगत्याने येते. घरी धर्मकृत्ये केली म्हणून फिरंग्यांचा त्यांच्यावर कोप झाला आणि मग ते पुण्याकडे वळले, असे परंपरा सांगते. १७३७ साली मराठे ठाण्यात उतरले त्यामागे अशा साष्टीकर वतनदारांची खटपट होती. कादंबरीला हे कथानक आयतेच मिळते आणि त्यात खोटे काही नाही.

पण ते अपुरे आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली इन्क्विझिशनवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात डेलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याची हकीगत दिलेली आहे. हा डेलाँ दमणला पकडला गेला, गोव्याच्या तुरुंगात राहिला, आणि १६७६ च्या जानेवारीत अनवाणी मिरवणुकीतून नेऊन त्याला शिक्षा सुनावली गेली. हा मनुष्य हिंदू नव्हता, ज्यू नव्हता. जन्माने कॅथलिक होता. धर्मविषयक काही मोकळे बोलला, एवढा त्याचा गुन्हा. ह्या न्यायालयाचा मूळ अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच चाले. हिंदूला त्याचा उपद्रव होई, नाही असे नाही. पण त्याच्या कोठडीत अधिक करून सापडे तो नवा ख्रिस्ती. गळ्यात क्रूस घातला आणि घरात मात्र आजीच्या रीतीने हळद लावली, असा कुणबी किंवा भंडारी. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नात हळद लावू नये, ओव्या गाऊ नयेत, दारात तुळस ठेवू नये, धोतर नेसू नये, अशा मनाया त्यात आहेत. हा जाहीरनामा ख्रिस्ती प्रजेसाठी होता, म्हणजे दोनशे वर्षे गेली तरी हे सारे त्यांच्या घरांतून चालूच होते!

ओव्यांवरून आणखी एक गोष्ट आठवते. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्याला आला. तो ज्या साष्टीत राहिला ती गोव्याची साष्टी, आपली नव्हे. सहासष्ट गावांवरून दोन्ही ठिकाणी एकच नाव पडले आहे आणि त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. ह्या स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत राचोल येथे छापले गेले. ज्या चर्चच्या छापखान्याने १६१६ मध्ये ओवी छापली, त्याच चर्चच्या न्यायालयाने १७३६ मध्ये ओवी बंद केली. मधल्या काळात, १६८४ साली, गोव्याचा विजरई काउंट आल्व्होर याने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. आता सांगा, ह्या संस्थेला एकच चेहरा द्यावयाचा तर कोणता द्यावा?

हाच आल्व्होर संभाजी महाराजांच्या गोव्याच्या स्वारीत आपल्याला भेटतो. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठे गोवे शहरासमोरच्या जुवे बेटावर उतरले, विजरई जखमी होऊन परतला, आणि शहर जाणार असे दिसताच तो सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी गेला. पेटी उघडवून त्याने आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला आणि आता राज्य तूच राख म्हणून धरणे धरले. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरत असल्याचे कळल्याने महाराजांना मागे फिरावे लागले. गोवेकरांनी त्याचे श्रेय अर्थातच संताला दिले. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या 'छावा'पासून २००५ च्या विश्वास पाटलांच्या 'संभाजी'पर्यंत ह्या राजाच्या आयुष्याने मराठी वाचकाला वेड लावले आहे. त्यांची नजर राजावर आहे आणि ते रास्तच. पण कधीतरी एखाद्या लेखकाने त्या रात्री पेटीजवळ मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या गोवेकर ख्रिस्त्याच्या डोळ्यांनी तो प्रसंग पाहावा. त्याच्या एका हाताला त्याचा संत, दुसऱ्या हाताला परका विजरई, आणि नदीपलीकडे त्याच्या आज्याची भाषा बोलणारी फौज.

आपल्या समाजात चर्चसारखी संस्थाच नव्हती, त्यामुळे आपल्या कादंबरीकाराला तिचे अंग ठाऊक नाही, असा एक बचाव केला जातो. पोप नाही, दशमांश नाही, धर्मगुरूंची उतरंड नाही, हे खरे. पण ग्रामण्य होते, बहिष्कार होता, शुद्धिपत्र होते. संन्याशाच्या मुलांना पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभे करणारी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातला सालोमालो प्रेक्षकांना नायकाइतकाच लक्षात राहिला. म्हणजे धर्मसत्ता रंगविणे आपल्याला जमत नाही असे नाही. ती आपली असली की जमते. आणि आपली असली की तिच्या आत सापडलेला माणूसही दिसतो. ना. सं. इनामदारांची १९७२ ची 'राऊ' पाहा. बाजीरावाला रणात कोणी अडविले नाही. त्याला अडविले ते त्याच्याच घराने आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने.

येथे आम्हांला दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्याशा वाटतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या करारात त्यांनी पोर्तुगीजांना शस्त्रांसह जाऊ दिले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. आठ-नऊ महिन्यांनी, १७४० च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या वाड्यात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न झाले. मस्तानीच्या प्रकरणामुळे ब्राह्मण कार्याला उभे राहणार नाहीत अशी हवा होती; बाजीराव त्या कार्यांना नव्हता, आणि मस्तानी नजरकैदेत होती. वसईच्या परधर्मीयांना जी सवलत ह्या घराने दिली, ती आपल्या घरातल्या एका स्त्रीला देणे त्याला जमले नाही. येथे चिमाजी अप्पांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यावरही तोच भार होता. अशा जागी ऐतिहासिक कादंबरीला केवढे काम आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

वसई पडल्यावर साष्टीचे पुढे काय झाले, हे कादंबरीत येत नाही. विजयाचे नगारे वाजतात आणि पुस्तक मिटते. युरोपातले पाद्री बहुतेक निघून गेले. चर्चच्या घंटा लुटीत उतरल्या आणि घाटावरच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि भीमाशंकरलाही अशी घंटा दिसते. पण गावे होती तेथेच राहिली. भात लावणारा, मीठ पिकविणारा, मासे धरणारा ख्रिस्ती कोठे जाणार? गोव्याहून आलेल्या एतद्देशीय पाद्र्यांनी त्याची सोय पाहिली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. पुढे १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ह्या लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' असे नाव घेतले, ते गोवेकर ख्रिस्त्यांहून आपण निराळे, येथलेच मूळचे, हे सांगण्यासाठी.

हे लोक आपले शेजारी आहेत. वांद्र्यापासून मरोळपर्यंत आणि मनोरी-गोराईपर्यंत त्यांची गावठाणे पसरली आहेत. उंच इमारतींच्या बेचक्यात सापडलेली कौलारू घरे आणि चौकातला क्रूस पाहिला की ते ओळखू येतात. त्यांची घरातली बोली मराठीची आहे. त्यांच्या लग्नात आजही वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणतात आणि गाणी म्हणतात. १७३६ च्या जाहीरनाम्याने जे थांबले नाही आणि १७३९ च्या तोफांनी जे बुडाले नाही, ते असे मागे उरलेले आहे. आणि तरीही ऐतिहासिक कादंबरी वाचून उठलेला एखादा सज्जन वाचक ह्याच शेजाऱ्याकडे कधीकधी असा पाहतो, जणू तो कालच फिरंग्यांच्या गलबतातून उतरला! २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा पाद्री आणि मराठीचा अध्यक्ष, असे म्हणून भुवया उंचावलेल्या आपण पाहिल्या. स्टीफन्सनंतर चारशे वर्षांनी ह्यात आश्चर्य वाटावे, हेच आम्हांला आश्चर्य वाटते.

लिहावयाचे कोणी मनावर घेतले तर साधनांची वाण नाही. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' आहे. तीत ह्याच बेटावरच्या गावांची नावे जागोजाग भेटतात. 'साष्टीची बखर' आहे. पेशवे दप्तरातली वसई मोहिमेची पत्रे छापलेली आहेत. लग्नाची गाणी अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ती उतरून घ्यावयाला फार वर्षे हातात नाहीत. लेखकाने एवढेच करावे की, पाद्र्यापासून सुरुवात न करता १७३९ च्या पावसाळ्यातल्या एखाद्या गावापासून करावी. चर्चची घंटा बैलगाडीवर घालून नेली आहे. युरोपातला पाद्री गलबतावर चढला आहे. गावात नवा कमाविसदार यावयाचा आहे. रविवार उजाडला आहे आणि घंटा न वाजताही बायामाणसे सवयीने चर्चच्या पायरीपाशी जमू लागली आहेत. त्यांच्यातली एखादी म्हातारी काय बोलली असेल आणि कोणत्या शब्दांत, तेथे कादंबरीचे पहिले वाक्य आहे.